कार्तिक-मार्गशीर्षांतील पक्षिनिरीक्षण व शेताचा जमाखर्च

पाऊस उघडून महिना-दीड महिना झाला, सोयाबीनची मळणी आटोपली, पऱ्हाटीवर पहिली वेचणी चालू झाली, तूर फुलावर आली आणि हरभऱ्याच्या तासांतून कोंब वर दिसूं लागले, म्हणजे वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. याच सुमारास शिवारांत व नदीकांठीं पक्ष्यांची वर्दळ वाढते. येथचे कायमचे पक्षी असतातच. त्यांत उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांची भर पडते. शेतकरी हें सर्व रोज पाहतो. परंतु पाहणें निराळें व ओळखणें निराळें. ज्या पाखरास आपण गोफणीनें हांकतों, तें आपले दाणे खात आहे कीं दाणे खाणारी अळी खात आहे, याची खात्री करून घेणारे शेतकरी थोडेच सांपडतील. ही खात्री घरबसल्या होत नाहीं. तिच्यासाठीं सकाळीं दोन तास बांधाबांधानें व नदीकांठानें फिरावें लागतें. ती फेरी कशी करावी व तिच्यापासून शेतास कोणता लाभ होतो, हें या पाठांत सांगावयाचें आहे.

हाच काळ कां निवडावा

सैबेरिया, मध्य आशिया, तिबेट व हिमालयाचा वरचा भाग येथें शरद ऋतूंत थंडी वाढूं लागली म्हणजे किडे दिसेनासे होतात, पाणी गोठूं लागतें व पक्ष्यांस अन्न मिळणें कठीण होतें. पिसांच्या पांघरुणामुळें पुष्कळ पक्षी थंडी सोसूं शकतात. उपासमार मात्र सोसवत नाहीं. म्हणून ते दक्षिणेकडे येतात. कांहीं भाद्रपदांतच पोंचतात, बरेचसे आश्विन-कार्तिकांत येतात, आणि फाल्गुन-चैत्रांत परत फिरतात.

त्याच वेळीं आपल्या शिवारांत त्यांच्यासाठीं जणू ताट वाढलेलें असतें. सोयाबीनचीं शेतें मोकळीं झालेलीं असतात व त्यांत नाकतोडे उघडे पडतात. हरभरा व गहूं यांसाठीं वखरणी चालू असल्यानें मातींतील अळ्या वर येतात. ओलिताच्या शेतांत ओल असते व ओलीजवळ माशा-चिलटें असतात. वर्धा नदी बैतूल जिल्ह्यांत मुलताईच्या बाजूस उगम पावून आपल्या जिल्ह्याची पश्चिम सीमा आंखीत वाहते. पलीकडे अमरावती व यवतमाळ हे जिल्हे. हिंगणघाटाजवळून वेणा वाहते, पवनारजवळून धाम वाहते. या नद्यांचें पावसाळी पाणी कार्तिकांत उतरतें आणि पात्रांत वाळूचे, गोट्यांचे व चिखलाचे पट्टे मोकळे होतात. गवतही वाळून बसूं लागतें, त्यामुळें श्रावणांत जें पाखरूं नुसतें ऐकूं येत असे तें आतां डोळ्यांस दिसतें. निरीक्षणास आरंभ करणाऱ्यास याहून सोयीचा काळ नाहीं.

फेरीची रीत

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. रात्रभर उपाशी असलेले पक्षी त्या वेळीं खाण्यांत गुंतलेले असतात. सूर्य आपल्या पाठीशीं राहील अशा दिशेनें चालावें, म्हणजे पक्ष्याचा रंग नीट दिसतो. समोर सूर्य असला म्हणजे प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. कपडे मळकट मातीच्या रंगाचे असावे. कुत्रा बरोबर नेऊं नये. दुर्बीण मिळाल्यास उत्तम, नसल्यास अडत नाहीं. शेतकऱ्याची नजर लांबचें पाहण्यास सरावलेली असते.

वाट प्रत्येक वेळीं एकच ठेवावी. गांवांतून पांदण, पांदणीनें कापसाचीं व तुरीचीं शेतें, तेथून नाल्याच्या कडेनें नदी आणि परत, अशी तीन-चार किलोमीटरांची फेरी पुरे. आठवड्यांतून एकदां त्याच वाटेनें गेल्यास या आठवड्यांत काय वाढलें व काय घटलें हें कळतें. रोज नवी वाट धरणाऱ्यास केवळ नवलाई मिळते, तुलना मिळत नाहीं.

पक्षी दिसतांच त्याचें नांव काय, हा प्रश्न पहिला विचारूं नये. पहिला प्रश्न असा असावा, कीं तो कोठें बसला आहे व काय करीत आहे. पिकाच्या शेंड्यावर बसून खालीं झडप घालतो काय? जमिनीवर चालत टिपतो काय? कणसावर लटकून दाणे काढतो काय? चोंचीकडे पाहावें. आंखूड, जाड व टोकाशीं निमुळती चोंच दाणे फोडण्याची असते. बारीक व सरळ चोंच किडे टिपण्याची असते. आंकड्यासारखी चोंच मांस फाडण्याची असते. एवढ्या तीन गोष्टी ध्यानांत ठेवल्या तरी नांव ठाऊक नसलेल्या पक्ष्याचा स्वभाव निम्मा कळतो. नांवासाठीं पुढें पुस्तकें आहेतच. डॉ. सालिम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं निघालें. आणि विदर्भाच्या जंगलांत वन-अधिकारी म्हणून वर्षानुवर्षें राहिलेले मारुती चितमपल्ली यांनीं पक्ष्यांचीं मराठी व देशी नांवें मोठ्या श्रमानें गोळा केलीं.

जमेची बाजू : बांधावरील मंडळी

फेरीच्या आरंभींच विजेच्या तारेवर किंवा गुरांच्या पाठीवर काळा, दुभंगलेल्या शेंपटीचा कोतवाल दिसेल. तो उडतां किडा हवेंत धरतो, जमिनीवरचा नाकतोडा झडप घालून उचलतो व पुन्हा आपल्या जागेवर येतो. दसऱ्यास ज्याचें दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, म्हणजे पुष्कळांचा नीलकंठ, हाही तारेवर तासन् तास स्वस्थ बसलेला दिसतो. हा स्वस्थपणा आळस नव्हे. खालच्या शेतांत भुंगेरा, रातकिडा, नाकतोडा किंवा उंदराचें पिलूं हललें कीं तो निळे पंख पसरून खालीं उतरतो. वखरामागें व ट्रॅक्टरमागें चालणारे गायबगळे व साळुंक्या मातींतून वर आलेल्या अळ्या वेंचतात. तें काम मजुरी देऊन करवून घ्यावयाचें म्हटल्यास कोणासही परवडणार नाहीं.

पाहुण्यांपैकीं गप्पीदास तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या शेंड्यावर बसतो. नर काळ्या डोक्याचा व तांबूस छातीचा असतो. क्षणांत खालीं जाऊन किडा घेऊन तो परत शेंड्यावर येतो. गोठ्याजवळ व विहिरीजवळ शेंपूट थरथर हालविणारा थिरथिरा असतो. सायंकाळीं तारांवर ओळीनें बसणाऱ्या माळभिंगऱ्या दिवसभर हवेंतील चिलटें टिपीत असतात. मोकळ्या शेतांवरून, जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर, पंख किंचित वर उचलून तरंगत जाणारा लांब शेंपटीचा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या समजावा. भोवत्याच्या कांहीं जाती मध्य आशियांतील गवताळ मैदानांतून येतात. भारतांत त्यांच्या रात्रीच्या निवाऱ्याच्या जागीं सांपडलेल्या अन्नाच्या गोळ्या तपासल्या असतां त्यांत नाकतोड्यांचे अवशेष विपुल आढळले आहेत. हा पक्षी रात्रीं उंच गवतांत जमिनीवरच झोंपतो; गांवचें गायरान जाळलें वा नांगरलें कीं त्याचा निवारा जातो.

उंदरांचा हिशेब दोन पक्षी ठेवतात. दिवसा कापशी, म्हणजे पांढुरकी राखी, खांद्यावर काळा डाग व डोळे लाल असलेली लहान घार, हवेंत एका जागीं पंख फडफडवीत थांबते व उंदरावर सरळ उतरते. रात्रीं गव्हाणी घुबड तेंच काम करतें. घुबड अशुभ, ही समजूत अद्याप गांवोगांव आहे. ज्यास ती खरी वाटते त्यानें जुन्या वाड्यांत घुबडाच्या बसण्याच्या जागेखालीं पडलेल्या काळसर गोळ्या उचलून पाण्यांत भिजवून उघडाव्या. घुबड बहुधा उंदीर सबंध गिळतें; हाडें व केस पचत नाहींत, त्यांची गोळी करून तें तोंडावाटे टाकतें. त्या गोळ्यांत उंदरांच्या कवट्या मोजतां येतात. ज्या घरावर हें पाखरूं बसतें त्या घराचें धान्य तें राखीत असतें.

हे केवळ कौतुकाचे बोल नव्हेत. बिहारांतील पुसा येथें शेतकी खात्याच्या वतीनें पक्ष्यांचीं पोटें उघडून आंतील किडे व दाणे तपासण्यांत आले आणि सी. डब्ल्यू. मेसन व एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा त्याविषयींचा प्रबंध १९१२ सालीं प्रसिद्ध झाला. पक्षी शेतास तारक कीं मारक हें ऐकीव गोष्टींवरून न ठरवितां त्याच्या अन्नावरून ठरवावें, हा त्या श्रमाचा धडा होय.

या मंडळींकडून काम करवून घेण्याची सोपी युक्ति म्हणजे पक्षिथांबे. हरभऱ्यावरील घाटेअळी घाट्यास भोंक पाडून डोकें आंत खुपसते व तिचें उरलेलें अंग बाहेर राहतें. त्यामुळें कोतवाल, साळुंकी यांस ती सहज सांपडते. परंतु हरभऱ्याचें पीक बुटकें असल्यानें पक्ष्यास टेहळणीस जागा नसते. म्हणून हेक्टरी सुमारें २० काठ्या, डोक्यावर आडवी काडी बांधून, पिकाच्या वर एक-दोन फूट राहतील अशा रोवाव्या. पेरतांना हरभऱ्याच्या बियाण्यांत थोडे ज्वारीचे दाणे मिसळले तर त्यांचीं धाटें आपोआप थांब्याचें काम करतात. मात्र या उपायाची मर्यादा ओळखावी. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आंत राहून सरकी खाते. तिच्यापर्यंत पक्ष्याची चोंच पोंचत नाहीं. तेथें कामगंध सापळे लावणें, फरदड न घेणें व पऱ्हाटी वेळेवर उपटणें हेच उपाय. पक्षी सर्व किडींवर औषध आहे असें सांगणारा शेतकऱ्याची दिशाभूल करतो.

नदीच्या पात्रांत

पात्रांत उतरतांच पाण्याच्या कडेनें शेंपूट खालींवर करीत धांवणारे धोबी दिसतील. कांहीं पांढरे, कांहीं पिवळे. त्यांच्याजवळ अंग झुलवीत चालणारी तुतवार दिसेल. हे पक्षी उत्तरेकडून येतात व ओल्या मातीवरील माशा व किडे खातात. टिटवी मात्र आपली घरचीच. मोठ्या वाळवंटावर कधीं नारिंगी-तपकिरी रंगाच्या बदकांचें जोडपें दिसतें, तो चक्रवाक. रात्रीं हीं जोडपीं ताटातूट होऊन आक्रोश करतात असें काव्यांत वर्णन आहे. खरी गोष्ट अशी, कीं हा पक्षी रात्रीं चरण्यास निघतो व चरतांना परस्परांस साद घालतो. लडाख व तिबेट येथील उंच तलावांकांठीं त्याची वीण होते. पात्राकांठच्या गव्हाचे कोंब तो थोडेबहुत खुडतो, हेंही नमूद केलें पाहिजे.

वाळवंटाचें महत्त्व येथें ध्यानांत घ्यावें. नदी सुरय हा मासे धरणारा, पिवळ्या चोंचीचा सुबक पक्षी उन्हाळ्यांत उघड्या वाळूवरच अंडीं घालतो; काड्यांचें घरटें करीत नाहीं. ज्या वर्षीं पात्रांतील वाळू यंत्रांनीं उपसून नेली जाते, त्या वर्षीं त्याच्या विणीची जागा नाहींशी होते. तीच वाळू पावसाळ्याचें पाणी धरून ठेवते व कांठच्या विहिरींस झरे पुरविते. ज्या जागीं कार्तिकांत धोबी व चक्रवाक होते, त्या जागीं पुढच्या कार्तिकांत कांहींच दिसलें नाहीं, तर आपल्या विहिरीची पातळीही मोजून पाहावी.

खर्चाची बाजू

पक्षी नुकसान करीतच नाहींत असें म्हणणें खोटें आहे. पोपट खातो त्याहून अधिक नासतो. तो कणीस कुरतडून खालीं टाकतो. सुगरण व चिमण्या दुधाळ दाण्यावर पडतात. भोरड्या, म्हणजे गुलाबी अंगाच्या व काळ्या डोक्याच्या पळसमैना, श्रावण-भाद्रपदापासून थव्याथव्यांनीं येतात व ज्वारीच्या शेतावर उतरल्या कीं धन्याच्या पोटांत गोळा उठतो. आपल्या भागांत ज्वारी कमी होऊन सोयाबीन वाढलें, त्यास भाव, मजुरी इत्यादि अनेक कारणें आहेत. परंतु पाखरांमुळें ज्वारी परवडत नाहीं ही तक्रारही पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते.

या तक्रारीत तथ्य आहे, आणि तिचें कारण फेरी करणाऱ्यास दिसतें. पूर्वीं गांवची ज्वारी सलग असे व पाखरांचा मार सर्वांत वांटला जाई. आतां शंभर एकरांत एकट्याचा एकरभर ज्वारीचा तुकडा असतो, त्यामुळें साऱ्या शिवारांतील पाखरें त्या एकट्यावर येतात. म्हणून ज्यांस ज्वारी घेणें आहे अशा चार-सहा शेतकऱ्यांनीं शेजारशेजारचीं शेतें ठरवून एकाच आठवड्यांत पेरणी करावी. कणसें एकदम भरतात, राखण दोन-तीन आठवड्यांत आटोपते व मचाणावरील माणसाचा खर्च सर्वांत विभागला जातो. राखण दिवसभर सारखी करण्याची गरज नसते. सूर्योदयानंतरचे दोन तास व सूर्यास्तापूर्वींचे दोन तास अधिक जपावे. चमकपट्ट्या कांहीं दिवस उपयोगी पडतात, पुढें पाखरें त्यांस सरावतात. यासाठीं त्यांच्या जागा बदलाव्या. ज्वारीच्या शेतांत थांबे लावले असल्यास दाणा भरूं लागतांच ते काढावे. जाळ्यांत पक्षी धरणें किंवा विषारी दाणे टाकणें या मार्गास जाऊं नये. रानपक्षी पकडणें व मारणें हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे.

आतां हीच भोरडी जमेच्या पानावरही येते. तिच्या थव्यास हरभऱ्यांतील व गवतांतील अळ्या, नाकतोडे व टोळ अतिशय प्रिय. चीन देशांतील शिंजियांग प्रांतांत, जेथें तिची वीण होते, तेथें टोळ आवरण्यासाठीं औषध फवारण्याऐवजीं तिला घरटीं करण्यास दगडांचे ढीग व भिंती रचून देण्याचा उपक्रम गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. त्याच देशानें १९५८ सालीं उलट दिशेचा प्रयोग केला होता. चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांचा सार्वत्रिक संहार करण्यांत आला. पुढें पिकांवर किडींचा जोर वाढला असें दिसून आलें, आणि १९६० सालीं चिमणीचें नांव शत्रूंच्या यादींतून काढावें लागलें. चिमणी दाणे खाते हें खरें. पण आपल्या पिलांस ती मुख्यतः किडे भरविते. खर्चाचें पान पाहून जमेचें पान फाडल्यास असा प्रसंग येतो.

विष व पक्षी

जमाखर्चांत न दिसणारी एक तूट आहे, ती विषाची. नव्वदच्या दशकापूर्वीं मेलेल्या गुरांवर गिधाडांचे थवे उतरत व कांहीं वेळांत सांगाडा उरे. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शेंकडा ९९ हून अधिक नाहींशीं झालीं. गुरांस सूज व वेदना यांवर टोंचलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध त्यास कारण ठरलें. तें अंगांत असतांना मेलेल्या गुराचें मांस खाल्ल्यानें गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००६ सालीं जनावरांसाठीं हें औषध बंद करण्यांत आलें. कीटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवर २०२३ सालीं बंदी आली. मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांस सुरक्षित असल्याचें सिद्ध झालें आहे. बैल आजारी पडल्यास पशुवैद्यास तें विचारून घेणें शेतकऱ्याच्या हातीं आहे.

उंदरांच्या औषधाचेंही तसेंच. कांहीं औषधांनीं उंदीर सावकाश मरतो. तोंवर झिंगलेला उंदीर घुबडाच्या वा कापशीच्या तोंडीं पडतो व विष तिच्या पोटांत जातें. म्हणून असें औषध वापरल्यास मेलेले उंदीर रोज सकाळीं वेंचून खोल पुरावे. फवारणी करतांना तर शेतकऱ्याचा स्वतःचा जीवही त्याच हवेंत असतो. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेनें सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, हें विसरतां येत नाहीं. ज्या शेतांत औषध पडल्यानंतर चार-आठ दिवस कोतवाल फिरकत नाहीं, त्या शेतांत त्याचें अन्न संपलें आहे. आणि अन्न संपलें म्हणजे उपद्रवी किडीबरोबर उपकारक किडेही मेले आहेत. असें शेत पुन्हा किडीच्या तडाख्यांत सांपडण्याचा संभव अधिक. पक्षी हा येथें मोजमापाची काठी होतो. अनावश्यक फवारणी टाळल्यानें औषधाचा पैसा वांचतो, आणि फवारणाऱ्याचा जीवही.

वही व अभ्यास

एक साधी वही करावी. तींत सहा रकाने आंखावे : तारीख व वेळ, जागा, शेतांतील पीक व त्याची अवस्था, पक्षी, संख्या, तो काय करीत होता. नांव ठाऊक नसल्यास रंग, आकारमान व चोंच लिहावी; आकारमान चिमणी, साळुंकी, कावळा यांच्याशीं ताडून लिहावें. शाळेंत जाणारीं मुलें बरोबर घ्यावीं. त्यांची नजर तीक्ष्ण असते व लेखनाचें काम तीं आनंदानें करतात. तीन हिवाळे अशी वही ठेवली म्हणजे भोरडी कोणत्या पंधरवड्यांत येते, कोणत्या बांधावर कापशी बसते, कोणत्या शेतांतून पक्षी निघून गेले, हें शेतकऱ्यास स्वतःच्या अक्षरांत मिळतें. पेरणीची तारीख, राखणीचे दिवस व फवारणीची गरज ठरवितांना या वहीचा उपयोग होतो.

शेतकरी-मंडळाच्या बैठकींत पुढील प्रश्न घेऊन चर्चा करावी :

१. आपल्या गांवीं कार्तिकांत बांधावर दिसणारे किडे खाणारे पांच पक्षी कोणते, व त्यांपैकीं उत्तरेकडून आलेले किती?

२. हरभऱ्यांत थांबे लावलेला एक वाफा व न लावलेला एक वाफा यांत घाटेअळीनें पोखरलेले घाटे मोजून पाहिल्यास फरक किती पडतो?

३. गांवांत ज्वारीचीं शेतें कोठें कोठें आहेत, व पुढील वर्षीं तीं एकत्र आणणें शक्य आहे काय?

४. नदीच्या पात्रांतील वाळूचे पट्टे गेल्या दहा वर्षांत वाढले कीं घटले, आणि कांठच्या विहिरींच्या पाण्यांत काय बदल झाला?

५. गांवांत घुबडाच्या बसण्याच्या जागा किती आहेत, व त्या राखण्यास कोण तयार आहे?

आपल्या गोठ्यांतील प्रत्येक जनावराचा स्वभाव शेतकऱ्यास ठाऊक असतो. त्याच्या शेतांत रोज राबणारी ही बिनपगारी माणसें कोण व ती काय खातात, हेंही त्यास ठाऊक असावें. येत्या रविवारीं सूर्योदयास निघावें.